परळमधलं पुनरुत्थान

गेल्या महिन्यात एका रविवारी, परळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, मी मेलेल्यांतून उठलो. टाळ्या पडल्या, एक बाई चक्कर येऊन पडल्या, आणि माझ्या जन्मदात्या आईने माझ्याबद्दल माईकवर एक खरं वाक्य उच्चारलं.

यातलं काहीही झालेलं नाही. झालं असलं तरी मी तिथे नव्हतो, आणि असलोच तर माझं लक्ष नव्हतं. आपण सुरुवातीपासून घेऊ, म्हणजे मी साधा जिवंत होतो तेव्हापासून.

माझं नाव विनीत रणपिसे. राहतो गिरगावात. एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घेतो. दुरुस्त काहीच करत नाही, फक्त ऐकून घेतो. मम्मी-पप्पांनी मला तान्हा असताना घरी आणलं. त्या काळी ख्रिस्ती माणसाला कायद्याने मूल दत्तक घेता येत नसे. कोर्ट तुम्हाला मुलाचा नुसता पालक नेमायचं, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की नेमणूक खल्लास. माझ्या अठराव्या वाढदिवसाला पप्पा केक कापायच्या आधी म्हणाले, "आजपासून कायद्याने तू आमचा कोणी नाहीस. जा, खाली जाऊन बर्फ घेऊन ये."

कायद्याला जमलं नाही ते आमच्या चर्चने फारच मनावर घेतलं. आपण सगळे देवाची दत्तक लेकरं आहोत, असा एक उपदेश आमचे पाळकसाहेब दरवर्षी करतात आणि 'लेकरं' म्हणताना मला पुढे बोलावतात. मी जाऊन उभा राहतो. लोक माझ्याकडे बघतात आणि देवाचे आभार मानतात, की काय त्याचं मन, असल्यालाही घेतो. लहानपणी निदान नवा शर्ट मिळायचा. आता मी सव्वीस वर्षांचा आहे, दाढी आहे, पोटही थोडं आहे, तरी उभा राहतो. प्रभूलासुद्धा दुसऱ्याच माणसाने वाढवलं; पण योसेफ सुताराने त्याला दरवर्षी चारचौघांत उभं करून स्वतःचं मोठं मन दाखवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर एप्रिलमध्ये आमच्या क्वायरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. परळच्या 'अग्निज्वाला प्रार्थना मंडळी'तली कोणी बाई साक्ष देत होती. साक्ष म्हणजे आपण आधी किती वाया गेलो होतो आणि मग प्रभूने कसं सावरलं, हे सगळ्यांसमोर सांगणं. आमच्यासारख्या जुन्या चर्चमध्ये लोक हे खाली बघत, पटकन उरकतात. अग्निज्वालावाल्यांकडे त्याला लायटिंग असतं.

बाईने सांगितलं ते असं. ती घोडपदेवच्या चाळीतली, हिंदू घरातली मुलगी. लग्नाआधी दिवस गेले. शीवच्या एका सूतिकागृहात मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर मेला. पुढे ती अंधारात होती, मग प्रभू भेटला, आणि आता मुलगा स्वर्गात पांढरे कपडे घालून तिची वाट बघतोय. ती सध्या लालबागला मसाल्याच्या दुकानात काम करते. दुकानाचं नावही तिने सांगितलं, म्हणजे मालकाची जाहिरात फुकटात झाली.

मम्मीने व्हिडिओ दोनदा बघितला. मम्मी म्हणजे मीनाक्षी रणपिसे, त्या सूतिकागृहात नर्स होती.

"ही बघ तुझी आई," ती म्हणाली. "कालिंदी. तिसऱ्या दिवशी तू माझ्या खांद्यावर दूध ओकलास. चांगला जिवंत होतास."

मग चष्मा पुसत म्हणाली, "बोलते मात्र छान."

मला आईची ओढबिढ नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं, न विचारणाऱ्यांनाही. माझं म्हणणं एवढंच होतं की या बाई मला महिन्यातून एकदा माईकवर मारतात आणि त्यावर लोक हात जोडलेले इमोजी टाकतात, हे थांबायला हवं. एकदा, फक्त एकदा, तिने तोंडाने म्हणावं की मेला नाही, दिला. बाकी मला काही नको होतं. मी हे इतक्यांदा म्हणालो की पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

लालबागच्या त्या गल्लीत उन्हाळ्यात अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करून घ्यायला येते. मिरच्यांचे ढीग, मसाला कुटणाऱ्या डंकांचा दणदणाट, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण डोळे पुसतोय. तिथे रडण्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. मला ही जागा आवडली.

"मावशी," मी म्हणालो. दुकानातल्या बाईला हेच म्हणतात. दुसरा शब्द काढायला मला जरा वेळ हवा होता.

"बेडगी की संकेश्वरी?"

"मी मीनाक्षी सिस्टरांचा विनीत."

तिने तराजूतल्या मूठभर मिरच्या काढल्या आणि परत टाकल्या. मग म्हणाली, "उंच झालास." जसा काही मी मे महिन्यात गावी जाऊन आलो होतो.

तिने मला मागच्या पायरीवर बसवलं, जेवलास काय विचारलं, चहा मागवला. मग सांगितलं, मिरच्यांचे देठ खुडता खुडता, माझ्याकडे न बघता. ती बाळंत होऊन परत आली तेव्हा तिच्या भावाने चाळीत सांगून ठेवलं होतं की कावीळ झाली म्हणून गावी पाठवली होती. शेजारणी लगेच कामाला लागल्या. महिनाभर तिला उसाचा रस पाजला, तेल-तूप बंद केलं, कोणी नागपाड्यावरून मंतरलेला धागा आणला. इकडे तिचं दूध थांबत नव्हतं आणि तिकडे आख्खी चाळ तिची कावीळ बरी करत होती. बरी झाली तेव्हा सगळ्यांना फार आनंद झाला. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वारला, मूल झालं नाही. मग एकजण तिला अग्निज्वालाच्या प्रार्थनेला घेऊन गेली, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, ताई, तुम्ही का रडता?

"मग तेव्हा खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं. मी एकेरीवर आलो होतो. दोघांच्याही लक्षात आलं.

"मेलेल्या पोरासाठी बाया माझ्याबरोबर उपास धरतात रे. दर वर्षी. दिलेल्या पोरासाठी कोण धरणार? म्हणतील, स्वतःच्या हाताने दिलंस ना, मग आता कसलं रडतेस?"

"मग मी काय करू? मेलेलाच राहू?"

"इतकी वर्षं राहिलास," ती म्हणाली. "काय त्रास झाला?"

मी चहा संपवला. चांगला होता.

पलीकडे मिरच्या पाखडणाऱ्या दुर्गाबाई त्याच मंडळीतल्या निघाल्या. त्यांनी सूप थांबवलं नव्हतं, पण मिरच्या केव्हाच संपल्या होत्या. संध्याकाळी मला फोन आला.

"ब्रदर विनीत? प्रेझ द लॉर्ड. मी पास्टर हितेंद्र. तुम्ही जिवंत आहात असं कळलं."

मी म्हटलं, हो, थोडाफार.

पास्टर हितेंद्र पूर्वी लोणावळ्याच्या बंगल्यांचे टाइमशेअर, म्हणजे वर्षातला एकेक आठवडा, विकायचे. आता मुदत वाढवून अनंतकाळाचं विकतात. मंडळीतलं खोटं उघडं पडलं म्हणून हा माणूस हादरला असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. त्यांचं डोकं वेगळंच चाललं होतं. कालिंदीताईंची साक्ष पवित्र आत्म्याने दिलेली, म्हणजे खोटी असूच शकत नाही. म्हणजे मुलगा मेला होता. आता तो फोनवर बोलतोय. म्हणजे मधे केव्हातरी उठला.

"एवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही कोणाला सांगितली नाही," ते जरा नाराजीने म्हणाले.

मी रविवारी यायला कबूल झालो. कारण सरळ होतं: स्टेजवर मी स्वतः उभा असताना तिला मी मेलो असं म्हणता येणार नाही. मम्मी-पप्पाही आले. पप्पांनी टाय लावला. दुसऱ्याच्या चर्चला जाताना नीट जावं म्हणाले.

हॉलमध्ये आदल्या रात्रीचं लग्न अजून लटकत होतं. स्टेजच्या मागे थर्माकोलमध्ये 'हेरंब वेड्स अनुजा', आणि पुढे सोनेरी सोफा. मला नवऱ्याच्या जागी बसवलं. नवरीच्या जागी पास्टर बसले आणि कोणालाही ते विचित्र वाटलं नाही. कोपऱ्यात अवधूत नावाचा मुलगा कीबोर्डवर होता. कोणी बोलताना थांबलं की तो हळूच सूर धरायचा, म्हणजे हॉलमध्ये कधीच पूर्ण शांतता होऊ नये.

"ब्रदर, मंडळीला सांगा," पास्टर म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही कुठे होता?"

"गिरगावात."

"हालेलुया," हॉल म्हणाला.

मग कालिंदीने माईक घेतला. व्हिडिओतलीच साक्ष, शब्दाला शब्द, थांबायच्या जागाही त्याच. घोडपदेव, दिवस गेले, शीव, मुलगा. तिसऱ्या दिवसापर्यंत आली आणि तिला तिसऱ्या रांगेत मम्मी दिसली. मम्मी रागाने बघत नव्हती. मांडीवर पर्स घेऊन, पेशंटचा ताप उतरला का हे बघतात तशी बघत होती.

कालिंदी थांबली. अवधूतने सूर धरला.

"सिस्टर," ती माईकवर म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथे."

मम्मीने मान हलवली.

"मेला नव्हता," कालिंदी म्हणाली. "मी दिला. दूध पाजलं, झोपला, आणि झोपेतच दिला. जागा झाला असता तर मला देता आला नसता."

अवधूतची बोटंसुद्धा थांबली. पंख्यांची घरघर ऐकू येत होती. त्या वेळी कोणीही, एखाद्या साध्या माणसाने, उठून तिला बसायला खुर्ची दिली असती, तर मी या मंडळीची उभ्या जन्मात थट्टा केली नसती.

पहिल्या उठल्या त्या दुर्गाबाई. "मग आमचे एवढे उपास कोणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पास्टरांनी दुसरा माईक घेतला. बघा, म्हणाले, चमत्कार समोर बसलाय आणि नेमक्या वेळी गोंधळाचा आत्मा बहिणीच्या जिभेवर बसला. अवधूतने आवाज वाढवला. बायांनी कालिंदीला वेढा घातला, डझनभर हात तिच्या डोक्यावर पडले, एक बाई कोसळल्या, टाळ्या सुरू झाल्या. त्या रेट्यात तिला माझ्या अंगावर ढकललं गेलं. तिच्या केसांना मिरचीचा वास होता. ती माझ्या कानाशी काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. कीबोर्ड चालू होता.

नवीन व्हिडिओला जुन्यापेक्षा जास्त लाइक्स आहेत. त्यात मी सोफ्यावरून उठतो, ती माझ्या गळ्यात पडते, आणि मधलं सगळं कापलंय. पास्टरांनी तिला साक्ष द्यायला मनाई केली आहे, आणि तिची जीभ शुद्ध होईपर्यंत मला भेटायलाही, कारण गोंधळाचा आत्मा माझ्याबरोबर आला होता. तिने ते मान्य केलं. मी लालबागला गेलो तर तिने मान खाली घातली. शेजारी दुर्गाबाई सूप घेऊन उभ्या होत्या. तिला मी दोष देत नाही. आजारी पडली तर पेज घेऊन येणारी तीच माणसं आहेत. आमचे पाळकसाहेबही दुखावलेत. उठायचंच होतं तर आपल्याच चर्चमध्ये उठायला काय झालं होतं, असं त्यांनी पप्पांना विचारलं.

सबब, हे खातं ज्यांच्याकडे असेल, मग ते पास्टर हितेंद्र असोत, पाळकसाहेब असोत, कोर्ट असो की थेट वरचं ऑफिस, त्यांना विनंती करण्यात येते की अर्जदारास सदर कालिंदीबाईंच्या ताब्यात एका दुपारपुरतं परत देण्यात यावं. सोबत वाद्य नसावं. दुपार संपल्यावर बाईंनी अर्जदारास मीनाक्षी सिस्टरांकडे रीतसर पुन्हा सुपूर्द करावं. त्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र या खेपेस सुपूर्द करतेवेळी अर्जदार जागा असेल, याची कृपया नोंद घेऊन तशी परवानगी मिळावी, ही विनंती.