नको तिथे वाजलेली घंटी

मी टेबलावरची घंटी बोलतेय. डोक्यावर चापट मारली की मी वाजते आणि बोलणाऱ्याने आवरतं घ्यायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म हॉटेलच्या काउंटरसाठी झाला. तिथे मी वाजले की माणूस धावत यायचा. हॉटेल बंद पडलं आणि समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेने मला जुन्या बाजारातून उचललं. आता मी वाजले की माणूस पडेल चेहऱ्याने व्यासपीठावरून खाली उतरतो.

हे लोक वर्षातून एकदा जमतात. समाजात कोण कोणाला गप्प बसवतं, यावर तावातावाने बोलतात. माजी अध्यक्षांचं गुऱ्हाळ कितीही लांबलं तरी मला हात लागत नाही. नवखं कोणी उभं राहिलं की मात्र टाळक्यात टपली. ह्यांना स्वतःचा समाज तेवढा दिसत नाही.

यंदा एका छोट्या कॉलेजातल्या मॅडम आल्या. तिथे समाजशास्त्र शिकवणाऱ्या त्या एकट्याच. हॉलमध्ये चहा घेताना एका निवृत्त प्राध्यापिकेने, सगळे त्यांना आजी म्हणतात, विचारलं, "सभासद कशाला झालीस गं? बढतीसाठी?"

"छे हो. माझा अभ्यास घरी नवरा छान म्हणतो, कॉलेजात सगळे छान म्हणतात. कोणीतरी चूक दाखवणारं हवंय."

"मग योग्य जागी आलीस. इथे दुसरं काही दाखवतच नाहीत."

मॅडमचा विषय होता, रात्रपाळी करून आलेल्या नर्सला घरी झोपू कोण देतं. त्यांची बोलायची पाळी शेवटची. माजी अध्यक्षांनी वेळ खाऊन टाकलेला. "एका घरी सासू दाराशी राखणीला बसते," एवढं त्या म्हणाल्या आणि आताच्या अध्यक्षांचा हात माझ्यावर आदळला.

"मॅडम, वेळेचं भान ठेवा."

"वेळ सरांनी घेतला, भान मी ठेवू?"

अध्यक्षांनी पुन्हा हात उगारला. तोवर आजींनी मला उचलून पर्समध्ये टाकलं होतं.

"बोल तू. आणि सासूच नाही त्या घरांत काय होतं? विचारलंस?"

पर्सच्या अंधारात मला मॅडमचा आवाज ऐकू आला. "नाही विचारलं. हे सुटलंच माझ्याकडून." एवढ्या आनंदाने चूक कबूल करणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी अजून त्याच पर्समध्ये आहे, चष्म्याच्या घराशेजारी. अध्यक्षांचा फोन येऊन गेला, घंटी संघटनेची मालमत्ता आहे म्हणून. आजी म्हणाल्या, "ती पोरगीही संघटनेचीच आहे."

मला परत न्याल तर न्या. पण जो शिकायला आलाय, त्याच्यासमोर मला ठेवू नका.