अर्धा नवरदेव अन् छबुमावशीचा फोन

मित्रांनो, तुमी आधी नुस्तं ऐका. मधी कुणी बोलू नका. मधी कुणी बोललं की माझं तुटतं, ही माझी जन्माची खोड हाय.

मी एक मोडेम हाय. जुना म्हणावं तर धारूरला येऊन पुरतं साल बी झालं न्हाई, पण आजच्या एका दिवसात मला लई म्हातारं झाल्यागत वाटतंय. डब्याएवढा जीव माझा, तोंडावर लाल दिव्यांची रांग, अन् मागं दोन वायरी. एक कम्प्युटरला, एक फोनच्या तारेला. कम्प्युटरचं बोलणं तारेला कळत न्हाई, तारेतला आवाज कम्प्युटरला कळत न्हाई. मी मधी बसतो अन् ह्याचं त्याला सांगतो, त्याचं ह्याला.

कुठल्या कारखान्यात झालो ते मला आठवत न्हाई. आठवतं ते औरंगाबादचं दुकान. तिथून वीरेशनं मला उचललं. वीरेश म्हणजे धारूरच्या रुद्रप्पा कापडवाल्यांचा पोरगा, कॉलेजात जाणारा. एसटीत पूर्ण रस्ता मांडीवर घेऊन बसला मला. मांजरसुंब्याला गाडी थांबली तर भजे खायला खाली उतरला न्हाई, कावून तर मला कुणी उचलून नेईल! एवढा जीव होता त्याचा माझ्यावर.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा बोललो. कीं-किर्र-घर्रर्र-शूंऽऽ. शांताअक्का, म्हणजे वीरेशची आई, आतून पळत आली. "अगं बाई, मांजर अडकलं का काय ड्रावरमधी?" मला तेव्हाच लई लाज वाटली. दुसऱ्याचे आवाज किती गोड असतात, अन् माझा हा असला. पण वीरेश म्हणला, "आई, नेट लागलं!" अन् माझी लाज पळाली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या घरचा फोन काय एकट्या घरचा न्हवता. पूर्ण गल्लीचा होता. ज्यांच्या घरी फोन न्हाई ते पावण्यांना हाच नंबर द्यायचे, पुढं 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन, असं लावायचे. फोन आला की शांताअक्का ओट्यावरून हाक मारणार, "ओ छबुबाई, पोरीचा फोन हाय!" अन् शेजारची छबुमावशी शेवयाच्या पिठाचे हात तसेच घेऊन पळत येणार.

अन् फोनवर ती एक सोय बी होती, रुद्रप्पांनी दुकानासाठी घेतलेली. लाईन चालू असताना दुसरा कुणी फोन केला की तारेत 'टुक्' असं वाजायचं. माणसाला ते बरं. मला न्हाई. टुक् वाजलं की माझा तोल जायचा, हात सुटायचा, नेट तुटायचं. मग लगेच फोनची घंटी वाजायची अन् ज्याचा असंल त्याला फोन मिळायचा. गल्ली खूष, वीरेश नाराज. "तुटलं बे परत! भंगार हाय हे!" म्हणून माझ्या टाळक्यात चापट. महिन्याभरात मी मांडीवरून भंगारात गेलतो.

आता आजचं ऐका.

छबुमावशीची लेक कौसा, तिकडं बार्शीकडच्या एका खेड्यात दिलीय. पहिलटकरीण हाय, दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिची सासू हो म्हणंना, न्हाई बी म्हणंना. गुरुवारी सासू दत्ताच्या देवळात जाते, तेवढ्यात कौसा गावातल्या एसटीडी बूथवर येऊन आईला फोन करते. मागच्या फोनात म्हणली होती, "आई, पुढच्या गुरुवारी पक्कं सांगते. सासू हो म्हणली तर तू दुसऱ्याच दिवशी न्यायला ये. त्या दिवशी ठरलं न्हाई तर सासू तिच्या भावजयीला बोलावून घेणार, मग मी इथंच."

म्हणून छबुमावशी आज दुपारपासूनच फोनपाशी येऊन बसली.

अन् आजच रुचिकाच्या नवरदेवाचा फोटो यायचा होता! रुचिका वीरेशची बहीण. पोरगा बसवेश्वर, बंगलोरला कम्प्युटरमधी हाय. त्यानं फोटो मेलनं पाठवला. रुद्रप्पांची कॉलर एवढी ताठ, की त्यांनी दोन चुलते, मामा, शेजारचे, सगळ्यांना बोलावून घेतलं.

वीरेशनं छबुमावशीला विचारलं, "मावशी, नेट लावू का? तुमचा फोन आला की आपोआप तुटतंय, काळजी करू नका."

"लाव की बाबा. मला बी बघायचाय जावई."

पाहिलं का मित्रांनो? माझ्या तुटण्यावर तिचा भरवसा होता.

पहिल्या खेपेला मी लागलो अन् कुणी फोन न करताच सुटलो. सगळे पावणे हसले. मामा म्हणले, "दाजी, नवरदेव लाजतोय वाटतं!" रुद्रप्पांचं तोंड उतरलं. "वीरेश, उद्याच्या उद्या परत देऊन ये ह्याला." मित्रांनो, भर पावण्यांत. माझे दिवे विझायला आले लाजेनं.

दुसऱ्या खेपेला लागलो तेव्हा मी ठरवलं. आता मेलो तरी सोडणार न्हाई.

फोटो वरून खाली, रेघ-रेघ उतरायला लागला. आधी नुस्ते केस. छबुमावशी म्हणली, "डोकं आधी आलं म्हणजे सरळ हाय गं, पायाळू न्हाई!" सगळी खोली हसली. मग कपाळ. त्यावर विभूतीचे तीन पट्टे. शांताअक्कानं हात जोडले, "इभूत लावतोय पोरगा! बंगलोरला राहून बी!" दाराआड रुचिका, बघत न्हाई असं दाखवत टाचा उंचावून बघत होती.

डोळे आले.

अन् टुक्.

मला कळलं. एवढ्या दुपारी दुसरं कोण असणार? हात सोडला की संपलं, घंटी वाजणार, मावशी धावणार. पण कम्प्युटरच्या काचेवर अर्धाच नवरदेव होता. डोळ्यांपर्यंत. रुचिकाची मान दारातून पुढं आलती. रुद्रप्पा म्हणत होते, "चाललंय बघा, चाललंय! आपला मोडेम!" आपला म्हणले, मित्रांनो.

टुक्.

मी तोल सावरला. दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. तिकडं कौसाला तर घंटी वाजतानाच ऐकू येत असंल. वाजतेय, वाजतेय, अन् कुणी उचलंना. तिला वाटलं असंल, आई आलीच न्हाई.

"नाक आलं, नाक आलं!" ओरडत होती ती छबुमावशीच.

टुक्. मग थांबलं.

पूर्ण फोटो आला. टाळ्या वाजल्या. रुचिका हसली अन् आत पळाली. रुद्रप्पांनी माझ्यावर हात फिरवला, "शाबास!" अन् छबुमावशीनं काय करावं? मीठ-मोहऱ्या मागून घेतल्या अन् माझी दृष्ट काढली! "कुणाची नजर लागू नये ह्या डब्याला. आज गल्लीचं नाव राखलं ह्यानं." माझ्यावरून तिचा हात फिरत होता अन् मला वाटत होतं, आत्ता इथंच जळून जावं.

मग तिनं विचारलं, "वीरेश, माझा फोन न्हाई ना आला?"

"न्हाई मावशी. आला असता तर तुटलं नसतं का?"

नेट बंद केलं त्यानं. मावशी फोनपाशी बसली. पावणे चहा पिऊन गेले. तिनं एकदा रिसीव्हर उचलून कानाला लावून बघितला, चालू हाय का म्हणून. फोन गपगार. रुचिका म्हणली, "मावशी, तुमीच जा ना उद्या बार्शीला."

"बोलावणं न्हाई, तर विहिणीच्या दारात कसं उभं ऱ्हावं बाई? न्हाई म्हणली असंल ती. म्हणून पोरीनं फोन केला न्हाई. रडत बसली असंल." अन् ती उठून घरी गेली. परत आली तर हातात डबा. डिंकाचे लाडू, कौसाच्या बाळंतपणासाठी केलेले. "घे रुचिका, खा. ठेवून काय करू? तुझं तरी जमलं."

मला सांगायचंय तिला. पण मला आवाज एकच येतो, कीं-किर्र-घर्र. त्यात "मावशी, फोन आलता, तू जा" असं कसं म्हणू? अन् म्हणलो तरी शांताअक्काला मांजरच वाटणार.

मित्रांनो, आमच्यासारखं कुणी घरात आणलं तर लाडानं ठेवा, वायर वढू नका, चापट मारू नका, हे मी सांगणार होतो. आता कोणत्या तोंडानं सांगू? एवढंच म्हणतो, तार एक असली की तिच्यावर कुणाकुणाचा जीव टांगलाय ते आधी बघत जा.

पण खरं सांगा. पूर्ण खोली तुमच्याकडं बघतेय, पहिल्यांदाच कुणी तुमाला 'आपला' म्हणलंय, काचेवर अर्धा नवरदेव हाय, अन् तारेत टुक् वाजतंय. तुमी काय केलं असतं?