न निवडलेल्या फळ्या

लाकूड हा बेभरवशाचा माल. एकाच झाडाच्या दोन फळ्या सख्ख्या भावांसारख्या असतात, दिसायला सारख्या आणि वागायला उलट. म्हणून तर इमारती बांधणारे लोक इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ फिरवून लोखंड-काँक्रीटच्या नादी लागले. मॅडमनी आठ वर्षं खपून या मालाला वळण लावलं होतं, अशी सगळ्यांची समजूत होती. त्यात मॅडमची स्वतःची समजूत सगळ्यात पक्की होती.

त्यांचं संशोधन क्रॉस-लॅमिनेटेड टिंबरवर. नाव भारदस्त आहे, पण प्रकार सोपा. फळ्या शेजारी शेजारी मांडायच्या, वर ग्लू लावायचा, त्यावर दुसरा थर आडवा, पुन्हा ग्लू, पुन्हा थर उभा. असे पाच थर झाले की प्रेसमध्ये दाबायचे. बाहेर येतं ते पॅनेल इतकं दणकट असतं की त्याच्या भिंती आणि मजले करून सहा-सात मजली इमारत उभी राहते. मॅडमच्या प्रयोगशाळेत अशी पॅनेल बनवायची आणि मशीनखाली घालून मोडायची. मोडायचं, मोजायचं, लिहायचं. आठ वर्षांत दोनशे चाळीस पॅनेल मोडून झाली होती.

त्यांची कीर्ती झाली ती सगळी पॅनेल जवळपास एकाच वजनाला मोडली म्हणून. मजबुतीच्या हिशेबात सरासरीला कुणी विचारत नाही. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाकडे बघून नियम ठरतो. दुसऱ्या प्रयोगशाळांत एखादं पॅनेल हत्ती पेलायचं, तर एखादं बिस्किटासारखं तुटायचं. मॅडमच्या वर्गात ढ मुलगाच नव्हता. त्यामुळे त्यांचा आकडा इतरांच्या बराच वर गेला, परिषदेत टाळ्या पडल्या आणि बांधकामाचे नियम करणाऱ्या समितीने तो आपल्या तक्त्यात घातला. लोक विचारायचे, "तुमचं गुपित काय?" मॅडम मान खाली घालून म्हणायच्या, "शिस्त. बाकी काही नाही."

तक्ता छापून आला आणि त्यांच्या धाकट्या नणंदेने शहरातल्या पहिल्या लाकडी इमारतीत पाचव्या मजल्यावर घर घेतलं. सासूबाईंनी डोक्याला हात लावला.

"अगं, लाकडाचं घर? उद्या आग लागली म्हणजे?"

"आई, वरचा थर जळून कोळसा होतो आणि आतलं लाकूड शाबूत राहतं. वहिनीने जाळून बघितलंय."

"तिने जाळून बघितलं म्हणून तू तिथे राहायला जाणार?"

"तिचा आकडा आहे म्हणून जाणार. वहिनी, सांग ना हिला."

"बिनघोर जा," मॅडम म्हणाल्या होत्या. सासूबाईंसमोर इतक्या ठामपणे बोलायची संधी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती त्यांनी पुरेपूर घेतली.

प्रयोगशाळेत पॅनेल बनवायचे ते मामा. ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळचे सुतार, हातात कसब असलेला माणूस. ते निवृत्त झाले तेव्हा मॅडमनी चार शब्द बोलायचे ठरवले होते. प्रत्यक्षात दोनच बोलल्या, कारण खाली चाचणी चालू होती. मामांच्या जागी डिप्लोमा झालेली एक नवी तंत्रज्ञ आली. ही मुलगी जे लिहिलेलं असेल ते वाचायची आणि अगदी तसंच करायची. अशी माणसं कुठल्याही कचेरीत धोकादायकच. मॅडमच्या शोधनिबंधात लिहिलं होतं, ‘फळ्या कोणतीही निवड न करता घेतल्या.’ म्हणून तिने प्रत्येक फळीवर नंबर टाकला, चिठ्ठ्या केल्या आणि ज्या निघतील त्या फळ्या ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने लावल्या.

तिचं पहिलं पॅनेल नेहमीच्या पाऊण वजनाला मोडलं. दुसरं त्याच्याही आधी. तिसऱ्याने बरंच तग धरलं आणि चौथ्याने पुन्हा मान टाकली.

मॅडमनी आधी ग्लूवर संशय घेतला. मग प्रेसवर. मग मशीनवर, मग हवेतल्या दमटपणावर. ग्लूवाल्या कंपनीला त्यांनी इतकं कडक पत्र लिहिलं की तिकडून दोन माणसं कोट घालून आली, ग्लू तपासला आणि पाहुणचार घेऊन गेली. ग्लूत काही खोट नव्हती. तीन आठवडे असेच गेले. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मामापण चिठ्ठ्याच टाकायचे ना?"

मॅडम "अर्थात" म्हणायला गेल्या आणि त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. तिथून लाकडाची वखार चाळीस पावलांवर होती. आठ वर्षांत त्या तिथे एकदाही गेल्या नव्हत्या.

त्याच दिवशी दुपारी त्या मामांच्या घरी गेल्या. मामा पडवीत बसून मुलीच्या टेबलाचा पाय दुरुस्त करत होते. मॅडमना बघून त्यांना इतका आनंद झाला की हातातला पाय कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

"मामा, फळ्या कशा घ्यायचात तुम्ही?"

"म्हणजे कशा? बघून."

"काय बघून?"

मामांना हा प्रश्नच विनोदी वाटला. "अहो, हातात घेतली की कळतं. बोटाने वाजवायची. गाठ कुठे आहे, रेषा वाकडी गेलीय का ते बघायचं. खालचा थर सगळ्यात महत्त्वाचा, वजन आलं की तोच ताणला जातो. तिथे एक नंबरची फळी. किरकोळ गाठवाल्या मधल्या थरात. आणि अगदीच वाया गेलेल्या असतील तर त्या घ्यायच्याच नाहीत."

"मग त्यांचं काय करायचात?"

"तुमच्या खोलीतलं कपाट नाही का, निबंध ठेवता ते? ते त्यांचंच. पुस्तकांपुरत्या चालतात."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. आठ वर्षं त्या लाकडाची परीक्षा घेत होत्या आणि आठ वर्षं मामा ढ मुलांना मागच्या दाराने घरी पाठवत होते. तो आकडा लाकडाचा नव्हताच. तो मामांच्या नजरेचा होता, आणि कारखान्यात पॅनेल बनवणाऱ्या मशीनला नजर नसते.

"मामा, निवडायचं नाही असं ठरलं होतं आपलं."

"कधी?" मामा बुचकळ्यात पडले. "पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, मामा, यावर माणसं राहणार आहेत, काम चोख झालं पाहिजे. मी त्यात कधी कसूर केली नाही. का हो, काही झालं का?"

"नाही, सहज विचारलं," असं म्हणून मॅडम निघाल्या. पहिल्या दिवशी त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या. निवड न करण्याची गोष्ट त्यांनी फक्त निबंधात लिहिली होती, आणि मामा निबंध वाचत नसत.

विभागप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते संकटात नेहमी शांत असत, कारण संकट कुणाच्या गळ्यात घालायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असे.

"सोपं आहे," ते म्हणाले. "दुरुस्तीपत्र पाठवू. कारण लिहू, तंत्रज्ञाने सूचना पाळल्या नाहीत. तो माणूस निवृत्त झालाय, त्याचं काही बिघडत नाही. त्याची एक सही घेऊन टाकू. तुमच्या नावालाही धक्का नाही."

"आणि इमारत?"

"इमारत बांधणाऱ्यांना प्रत पाठवू. पुढचं ते बघतील."

मॅडमनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. तो दिवस फार वाईट गेला. लिहायचं म्हटलं तर आठ वर्षांचं नाव मातीला मिळणार, मिळायला आलेलं प्राध्यापकपद हातचं जाणार आणि घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. न लिहायचं म्हटलं तर नणंद पंधरा दिवसांनी सामान घेऊन पाचव्या मजल्यावर चढणार. आणि विभागप्रमुख सर म्हणाले तसं लिहायचं म्हटलं तर सगळं खापर फुटणार त्या माणसाच्या डोक्यावर, ज्याने तिथे राहणाऱ्यांचा विचार मॅडमपेक्षा जास्त केला होता. खरं सांगायचं तर त्यांनी सरांनी पाठवलेल्या मसुद्यावर पेनही टेकवलं होतं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कागद फाडून त्यांनी नवा घेतला. त्यावर लिहिलं, ‘फळ्या निवडल्या गेल्या होत्या. न निवडण्याची सूचना मी कुणालाही दिली नव्हती आणि ती पाळली जाते का हेही कधी पाहिलं नाही. निबंधातलं वाक्य खोटं आहे आणि ते माझं आहे.’ पत्र समितीला आणि इमारतीच्या इंजिनिअरला त्यांनी स्वतः पाठवलं, सरांना विचारायच्या आत.

संध्याकाळी घरी सांगितलं. नणंदेने हातातली सामानाची यादी बाजूला ठेवली.

"म्हणजे जाऊ की नको?"

"मी इंजिनिअरला भेटेपर्यंत थांब."

सासूबाईंनी तोंड उघडलं, सुनेकडे बघितलं आणि मिटलं. त्या काही बोलल्या असत्या तर मॅडमना बरं वाटलं असतं.

इंजिनिअरने त्यांना थेट इमारतीतच बोलावलं. नणंदेच्या घरात अजून दारं बसायची होती आणि ताज्या लाकडाचा वास भरून राहिला होता. इंजिनिअर चाळिशीचा, घाईतला माणूस. मॅडमनी दोन रात्री जागून नवे हिशेब केले होते. त्यांनी फाइल उघडली.

"ते राहू द्या हो," तो म्हणाला. "पत्र वाचलं मी. काळजीचं काही कारण नाही. तुमचा आकडा आम्ही वापरलाच नाही."

"तक्त्यात आहे तो."

"तक्त्यात आहे. पण लाकडाचा मजला मोडायच्या फार आधी हलायला लागतो. शेजारच्या खोलीत कुणी चाललं आणि टेबलावरच्या कपातलं पाणी थरथरलं की लोकांच्या तक्रारी सुरू. म्हणून जाडी ठरवतो ती मजला हलू नये म्हणून. किती हलेल ते कारखान्यातच रोज मोजतात. तेवढी जाडी दिली की मोडायचा प्रश्नच उरत नाही, तुमच्या आकड्याच्या निम्म्यानेही भागतं." असं म्हणून त्याने जागच्या जागी दोन उड्या मारल्या. मजला ढिम्म हलला नाही. "तुमचा तक्ता आम्ही अर्जाला जोडतो. नगरपालिकेला आवडतो."

मॅडमचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तो भांड्यात पडून राहणं त्यांना आवडेना. नणंद सुखरूप होती. कोणताही मजला कोसळणार नव्हता. त्यांनी एवढा जीव एकवटून ज्या आकड्याचा बळी दिला, त्या आकड्यावर कुणी उभंच नव्हतं. आठवडाभराने समितीचं दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळालं, आभार, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू. पुढची आवृत्ती पाच वर्षांनी येणार होती. प्राध्यापकपद मात्र समितीपेक्षा चपळ निघालं, ते त्याच आठवड्यात दुसऱ्याला मिळालं. नणंदेने सामान हलवलं आणि सासूबाई तिच्याकडे महिनाभर राहून आल्या. सकाळी तिथे फार छान झोप लागते, असं त्यांनी सुनेला दोनदा सांगितलं.

आणि मग एके दिवशी मामा प्रयोगशाळेत आले. इस्त्रीचा शर्ट घालून, बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहिले. मॅडमनी त्यांना खोलीत घेतलं तरी ते बसेनात.

"सरांच्या ऑफिसातून मला सहीसाठी फोन आला होता. मग पुन्हा आला, सही नको म्हणून. मी त्या नव्या पोरीला विचारलं. तिने सगळं सांगितलं." त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं."

"तुमच्यामुळे नाही. मी सांगितलंच नव्हतं तुम्हाला."

"ते झालं. मला दुसरंच विचारायचं होतं." मामा कपाटाकडे बघत होते, मॅडमकडे नाही. "हजारो फळ्या हातातून गेल्या असतील माझ्या. एकेक वाजवून बघितली. मला वाटायचं, एखादी वाईट खाली लागली तर वरचं माणूस खाली येईल. घरी गेल्यावरपण वाटायचं. कधी कधी सकाळी लवकर येऊन आदल्या दिवशीचा थर पुन्हा बघायचो. पण ती पोरगी म्हणते, त्या इमारतीला काही फरक पडला नसता. कशाही लावल्या असत्या तरी चाललं असतं. खरं का?"

मॅडमना हिशेब तोंडपाठ होता. जाडी, भार, ताण, आणि निम्म्याहून जास्त शिल्लक. दोन महिन्यांपूर्वी एका खोट्या वाक्यापायी त्यांनी स्वतःचं नाव आपल्या हाताने पुसलं होतं, आणि ते वाक्य तर त्यांनी नकळत लिहिलं होतं.

"नाही मामा," त्या त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. "नसतं चाललं."

मामांनी मान हलवली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.