इंजिनीअरबाईचं घड्याळ

घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मघाशी एका गिऱ्हाइकाला त्याने भलत्याच मापाचा पट्टा दिला होता. दुपारपासून बिचाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

त्याला कारण होता समोरच्या संगणकावरचा अंतराळयानाचा सिनेमा. पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्यावरून मात्र चाहत्यांची दोन घरं झाली. कारण सगळ्यांची लाडकी इंजिनीअरबाई त्यात सोबतिणीला बाहेर ठेवून यानाचं दार लावते आणि एकटीच निघून जाते. का, ते सिनेमा सांगत नाही. मग चाहत्यांच्या मंडळाने त्यामागची हकीकत स्वतःच रचायला घेतली. नियम एकच: पडद्यावर जे दिसलं ते खरं. सिनेमावाल्यांची चूक म्हणून काहीही झटकायचं नाही.

घड्याळजीच्या ताईने दोन वर्षं खपून हकीकत लिहिली होती. बाईच्या मनगटावर दाराशी येताना चार वाजून दहा मिनिटं, आणि दार लावताना चार एकवीस. म्हणजे ती सोबतिणीसाठी अकरा मिनिटं थांबली! आज पाचला ताई हे मंडळापुढे मांडणार होती. ‘तेवढं घड्याळ तपासून ठेव,’ एवढंच तिने भावाला सांगितलं होतं.

आणि भावाला नेमकं नको ते दिसलं होतं.

“झालं का रे?” ताई पिशवी खांद्यावर ठेवूनच आत शिरली.

“बस ना जरा.”

“बसायला फुरसत कुठेय? तिकडे साळुंकी टपून बसलीय.”

साळुंकी म्हणजे ‘बाई थांबलीच नाही’ म्हणणाऱ्या विरुद्ध गटाची म्होरकी, आणि एके काळची ताईची जिवाभावाची मैत्रीण. बारा वर्षांपूर्वी दोघी एकाच भाड्याच्या गाडीने एकाच नोकरीच्या मुलाखतीला जाणार होत्या. साळुंकीला उशीर झाला, ताई निघून गेली. ‘अर्धा तास थांबले गं,’ असं तिने नंतर सांगितलं. नोकरी ताईला लागली. तेव्हापासून दोघी बोलल्या त्या फक्त इंजिनीअरबाईबद्दल, मंडळात, चारचौघांत, भांडून.

“ताई, दार लावताना घड्याळाची चावी बाहेर ओढलेली आहे.”

“मग?”

“चावी ओढली की घड्याळ थांबतं. काटे हाताने फिरवता येतात. सेकंदकाटासुद्धा दोन्ही वेळा सातावरच आहे बघ.”

“अरे, चित्रीकरणात विसरलं असेल कुणीतरी!”

“विसरलंच असणार. पण नियम तुमचा आहे.”

“तुला तोंड मिटून बसता येत नव्हतं? मेला घड्याळजी!”

ताई दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती. त्यांतलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

“म्हणजे काटे तिने फिरवले,” ती पाठमोरीच म्हणाली. “पण कुणाला दाखवायला? यानात दुसरं कुणी नव्हतंच.”

घड्याळजी भिंग पुसत बसला.

“मी अर्धा तास थांबले नव्हते रे.”

“ठाऊक आहे.”

ती गर्रकन वळली. “कधीपासून?”

“तो गाडीवाला घड्याळ दुरुस्तीला माझ्याकडेच टाकतो. बोलघेवडा आहे.”

“आणि तू इतकी वर्षं...?”

“माझी ताईच ना तू.”

ती स्टुलावर बसली. मंडळाचा फोन वाजत होता. तिने तो उचलला नाही, वाजू दिला. मग एकट्या साळुंकीला लिहिलं, ‘तुझंच खरं. ती थांबली नव्हती.’ पाठवलं, आणि फोन काचेवर पालथा घातला. सुलटा केला. पुन्हा पालथा.

“तिला कळेल का रे, मी कुणाबद्दल बोलतेय?”

फोन थरथरला. साळुंकीने एवढंच विचारलं होतं, ‘किती मिनिटं थांबलीस?’

ताईने ‘दहा’ लिहिलं. खोडलं. ‘पाच’ लिहिलं, भावाकडे पाहिलं, तेही खोडलं.

‘दोन,’ तिने लिहिलं, आणि हात मागे घ्यायच्या आत पाठवून टाकलं.