ठिपक्यांच्या गर्दीतली तीट

मित्रांनो, मी एक जुना कम्प्युटर आहे. सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका गाळ्यात, कापडी पिशव्या छापणाऱ्या सुकदेवभाऊंकडे माझा मुक्काम असतो. माझे भाग चार ठिकाणांहून आले आणि एका दुकानाच्या टेबलावर मला जोडलं गेलं. तेव्हा माझा पडदा इतका चकचकीत होता, की भाऊंनी त्यात बघून भांग पाडला होता. पहिली दोन वर्षं मला रोज अगरबत्ती मिळाली. आता डोक्यावर शाईचे डबे मिळतात. पोटात कापडाचे तंतू साठलेत, पंखा घरघरतो. मी चालू होईपर्यंत मयुरी चहा पिऊन येते. मयुरी म्हणजे मला चालवणारी मुलगी. मी अडलो तर ती मला मारत नाही, टेबलावरच्या पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवते.

माझं काम सांगतो. पिशवीवर एकाच रंगाची शाई बसते. ती पडते किंवा पडत नाही. थोडी फिकी, थोडी गडद असं जमत नाही. मग फोटोतली सावली छापायची कशी? मयुरी आधी फोटो काळा-पांढरा करते, त्यातला उजेड आणि अंधार ठसठशीत करते, आणि मग मी त्याचे ठिपके पाडतो. गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. याला हाफटोन म्हणतात. ठिपके खसखशीसारखे ठेवले तर जाड कापडावर शाई पसरून सगळं काळं होतं, म्हणून मोठे ठिपके मोहरीएवढे लागतात. जवळून पाहिलं तर नुसती मोहरी सांडलेली. चार पावलं मागे गेलं की माणूस दिसतो.

गेल्या महिन्यात कोसाडहून नूतनताई आल्या. त्यांची चंचल वर्षाची झाली होती, रविवारी तिचं जावळ होतं. पाहुण्यांना तिचा चेहरा छापलेल्या एकशे एक पिशव्या द्यायच्या होत्या. चंचल सातव्याच महिन्यात जन्मलेली, सव्वा महिना दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. म्हणून हे जावळ घरच्यांना फार मोठं.

"शाई तोंडात गेली तर चालते ना?" त्यांनी विचारलं.

"ताई, पिशवी कोण चाटणार?"

"चंचल."

मयुरी हसली, पण नूतनताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या मागची उघडी वायरही पाहून घेतली आणि कडेवरच्या चंचलला दुसऱ्या बाजूला घेतलं. खरं सांगू, त्या वायरीकडे इतक्या काळजीने पाहणारं कित्येक वर्षांनी कुणी आलं होतं.

फोनवरून फोटो माझ्याकडे आला. मयुरीने फ्रॉकवरचे दुधाचे डाग पुसले, आणि गालावर एक पुसट काळा डाग होता तोही पुसला. गाल स्वच्छ झाला. मग मी ठिपके पाडले.

शुक्रवारी नमुन्याची पिशवी पाहायला नूतनताई सासूबाईंना, सरलाबाईंना घेऊन आल्या. सरलाबाईंनी पिशवी डोळ्यांजवळ धरली आणि मटकन बसल्या.

"काय व माय, मन्ही नातले हाई काय व्हई गयं? गोवर निंघना का?"

"आजी, गोवर नाही निघाला, ते ठिपके आहेत. थांबा." मयुरी पिशवी घेऊन दारापर्यंत गेली. "आता पाहा."

दारातून चंचल हसत होती. सरलाबाई पदराने डोळे पुसू लागल्या. नूतनताई मात्र पिशवीवरच्या गालाकडेच पाहत होत्या.

"तीट कुठेय?" त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"गालावरची. काजळाची."

दारातच मयुरीने पिशवी खाली घेतली. "मला वाटलं फोनच्या काचेवरचा डाग. मी पुसली."

"पोरीचा चेहरा किती गोड आलाय, ताई," सुकदेवभाऊ मध्ये बोलले. "तिटीचं काय एवढं?"

"भाऊ, काजळाने काही होत नसतं, हे मला कळतं. बी.कॉम. झालेय मी." नूतनताई म्हणाल्या. "पण पेटीत होती तेव्हा लावू दिली नव्हती. घरी आणली त्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही. आता एकशे एक घरांत तिचा चेहरा जाणार. तो असा उघडा नको. नाहीतर पिशव्याच नकोत."

मयुरीने मूळ फोटो उघडला, तीट परत आणली आणि पुन्हा ठिपके पाडायला सांगितलं. मी पाडले. पण माझ्यासाठी तीटही सावलीच. मी तिचेही ठिपके केले. इतर ठिपक्यांत ती दिसेनाच.

"हरवली," नूतनताई हळूच म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. मयुरी ओठ चावत बसली. मग म्हणाली, "आधी नाही, ठिपके पाडून झाल्यावर तीट काढू." ठिपके पाडलेल्या चित्रावर, अगदी वरून, तिने एक भरीव गोल ठेवला, सगळ्या ठिपक्यांहून मोठा. नेमका तेव्हा मी गरम होऊन अडलो. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. कुणी मला टपली मारली नाही, की बोल लावला नाही. मयुरीने पंखा वळवला. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला आणि चित्र जतन केलं.

शाई ज्यातून कापडावर उतरते ती जाळी नव्याने तयार झाली, नवी पिशवी छापली. या वेळी नूतनताई स्वतःच दाराकडे गेल्या आणि तिथून पाहिलं. हसरा चेहरा, आणि गालावर टपोरी तीट.

"आता छापा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ अधूनमधून झटका, उघड्या वायरी झाकून ठेवा, मी अडलो तर जरा दम धरा. आणि कुणाच्या लेकराचा फोटो साफ करायला घ्याल, तेव्हा काही पुसण्याआधी त्याच्या आईला एकदा विचारा.