चौऱ्याण्णव किलोमीटरवरून ओवाळताना

ताटात निरांजन एक, सुपारी एक, अंगठी एक, करंज्या चार आणि काडेपेटीत काड्या सात. अक्षता तेवढ्या मोजायच्या राहिल्या होत्या.

औषधांच्या कारखान्यातली बारा तासांची रात्रपाळी उरकून वृंदा थोडी पडली, पण झोप काही आली नाही. दुपारी ती आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रे हेड टेकडीवर चढली तेव्हा पाय शिशाचे झाले होते. २०२०ची भाऊबीज. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. टेकडी त्या वर्तुळात बसत होती.

समुद्रापलीकडे वेल्समध्ये, होलीहेडच्या डोंगरावर तिचा धाकटा भाऊ अद्वय चढत होता. महिन्यापूर्वी त्याला कोविड झाला होता. तेव्हापासून कधीही विचारलं की एकच उत्तर, "ठणठणीत आहे." तिला ते पटत नव्हतं. म्हणून तिनेच ठरवलं, समोरासमोरच्या डोंगरांवरून भाऊबीज करायची. मध्ये चौऱ्याण्णव किलोमीटर पाणी. पृथ्वीची गोलाई धरून तिने गणित केलं होतं. ती दोनशे मीटर उंचीवर उभी. तिची टेकडी दिसायला त्याला किमान एकशे चार मीटर चढावं लागणार होतं. हा आकडा तिने त्याला सांगितला नव्हता.

फोन वाजला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"पोचलो गं."

"दमलास?"

"छे! वारा आहे, ताई."

"तुमच्या वेल्सच्या दंतकथेतला तो राक्षसाएवढा राजा आठवतो ना? बहिणीला आयर्लंडात सासुरवास होतोय कळल्यावर समुद्र तुडवत आला. इथल्या डुकरं राखणाऱ्यांना वाटलं, डोंगरच चालत येतोय. आणि तू एका चढाला धापा टाकतोस!"

"त्याला चौदा दिवस क्वारंटाइन नव्हतं. भाऊजी छळत असतील तर सांग, निघतो."

तो हसला आणि खोकला. खोकला लवकर थांबेना.

टेकडीवरच्या क्रॉसच्या आडोशाला बसून वृंदाने काड्या ओढल्या. पाचवी टिकली. पूर्वेला पाण्यावर निळसर उंचवटा दिसत होता. त्या दिशेला तोंड करून तिने अंगठी-सुपारी फिरवली, मग निरांजन. वात विझायच्या आत तीन वेळा ओवाळून झालं.

"दिसतेय का रे माझी टेकडी?"

"दिसतेय ना! एकदम स्पष्ट. आईला सांग, मी बरा आहे म्हणून."

"सांगते. फोन उंची किती दाखवतोय, बघ जरा."

"थांब हं." पुन्हा श्वास. "एकसष्ट मीटर."