दहा आणि अकराचे चौकोन

अतिदक्षता विभागात त्या सकाळी नऊ खाटा होत्या, आठ रुग्ण, दोन व्हेंटिलेटर, चार नर्स आणि नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी. ती शलाका. तिच्याकडे तीन नंबरची खाट होती: जयवंतराव, वय एकसष्ट, वजन सत्तर किलो, आतड्याच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. रक्तदाब घसरत होता. किडनी तग धरते का, हे तासातासाच्या लघवीवरून कळणार होतं. तासाला पस्तीस मिलिलिटरच्या खाली गेली की लगेच सांगायचं. नऊ वाजता लघवीच्या पिशवीत तीनशे दहा होते.

बाराला ती पिशवीपाशी वाकली. तीनशे दहा.

तक्त्यात मात्र दहाच्या चौकोनात चाळीस होते, अकराच्या चौकोनात पंचेचाळीस. अक्षर तिचंच. ते दोन्ही तास ती सात नंबरच्या खाटेशी अडकली होती. परत आल्यावर आधीच्या आकड्यांच्या अंदाजाने तिने चौकोन भरून टाकले होते. खाली तिला शिकवणाऱ्या नीराबेनची सही होती, तीही सकाळी आठचीच. ड्युटी बदलताना खोळंबा नको म्हणून विद्यार्थ्यांच्या तक्त्यावर आधीच सही करून ठेवायची, ही तिथली जुनी रीत.

सव्वाअकराला डॉक्टर सिद्धार्थ तोच तक्ता बघून म्हणाले होते, "किडनी चालतेय. सलाइन वाढवू नका." आणि दांडिया बाजारातून रोज डबा घेऊन येणाऱ्या जयवंतरावांच्या पत्नी इंदिराबाईंना शलाकाने दारातच सांगितलं होतं, "काकू, काकांना लघवी व्यवस्थित होतेय."

लघवीची नळीच तुंबलेली असू दे, किडनी नको, एवढंच ती मनात घोकत होती. तिने सिरिंजने पन्नास मिलिलिटर सलाइन आत सोडून परत ओढलं. पन्नासच्या पन्नास परत आले. नळी मोकळी होती.

"नीराबेन, दहा-अकराचे आकडे मी मोजलेले नाहीत."

"मग कुठून आणलेस? मंगळबाजारातून?" नीराबेन हसत वळल्या. तिचा चेहरा बघून थांबल्या. "पिशवीत किती?"

"नऊला होतं तेवढंच."

"नळी?"

"मोकळी आहे."

नीराबेन स्वतः वाकून बघून आल्या. तक्ता हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नळीला पीळ पडला होता असं लिहिता येईल. सही माझी आहे, शलाका. तेवीस वर्षांची नोकरी आहे माझी."

"मग डॉक्टर वाट बघत बसतील, बेन. पीळ सुटला, आता होईल म्हणून. अजून एक तास जाईल."

"हो. जाईल."

त्यांनी पेन काढलं. दोन्ही आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं 'मोजले नाहीत', वेळ घातली आणि सही केली. "आता तू कर. आणि डॉक्टरांना फोन तूच लाव."

डॉक्टर लगेच आले, ओरडले नाहीत. "तीन तास," एवढंच म्हणाले. सलाइनचा वेग वाढवला, रक्तदाबाचं औषध वाढवलं. "किडनी पुन्हा काम करेल की नाही, आत्ता सांगता येणार नाही. एक वाजता मला आकडा हवा."

"ती मोजेल," नीराबेन म्हणाल्या. "मी मागे उभी राहते."

दाराशी इंदिराबाई डब्याची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. "बेटा, सगळे का धावतायत?"

"काकू, मगाशी मी न मोजताच सांगितलं. काकांना तीन तासांत लघवी झालेली नाही."

इंदिराबाईंनी विचारलं, "आता तरी मोजणार का?"

शलाकाने होकारार्थी मान हलवली.

एक वाजता ती खाटेशी गुडघ्यांवर बसली, डोळे पिशवीवरच्या रेघांच्या पातळीत आणले. मागे नीराबेन. दोघींनी एकेकदा वाचलं, मग अदलाबदल करून पुन्हा वाचलं.

तीनशे चौदा. तासाभरात चार मिलिलिटर.